बोकडाले विचारतात

दारव्हा, ४ एप्रिल १९५८, शुक्रवार

पाद्रीसाहेबांवरचा राग अजून उतरला नाही. आज चर्चमध्ये सांगत होते, देवानं आपल्या पापांपायी स्वतःच्या पोराचा क्रुसावर बळी दिला. अन् मागच्याच महिन्यात यांनीच मले सुनावलं होतं, देवीपुढं बोकड कापणं म्हणजे अडाणीपणा आहे.

आमचे बाबा बोकडाच्या डोक्यावर, पाठीवर पाणी ओतून थांबत. त्यानं अंग झाडलं तर त्याले कबूल आहे असं समजत. नाही झाडलं तर सोडून देत. एकदा दुपारपर्यंत वाट पाहिली अन् सोडला.

म्हणून मी उठून विचारलं, "येशूले विचारलं होतं का?"

"हो बाई. तो म्हणाला, बापा, तुझ्या मर्जीप्रमाणं होऊ दे."

पण त्याच्या आधी तो काय म्हणाला ते मी वाचलं आहे. टळत असलं तर टाळ म्हणाला. घाम गाळत, पुन्हा पुन्हा. याले कबुली म्हणतात? बोकड असता तर बाबांनी सोडला असता.

तुमची मर्जी. मीही तेच म्हटलं होतं, नवऱ्यानं घरी येऊन सांगितलं की आपण सगळे ख्रिस्ती होऊन राह्यलो तेव्हा. मले विचारलं कुठं होतं? सांगितलं होतं.

परवा बाप्तिस्मा. पाद्रीसाहेब डोक्यावर पाणी ओततील, नवरा बाजूले उभा राहून पाहील.

मी अंग झाडणार नाही. मग सोडतात का पाहू.