एकेचाळिसावं कार्ड

रविवार, ता. १२ सप्टेंबर १९५४. चिंचवड.

रोजनिशीची सवय कॉलेज संपल्यावर सोडली होती. आज पुन्हा लिहायला बसले, कारण सरळ आहे. काल सायंकाळी चाळीस कार्डं मोजली, सुतळीनं बांधली, माझ्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. आज सकाळी काढली तर एकेचाळीस. अठ्ठावीस वर्षं मुलींच्या शाळेत हजेरी घेतली आहे. मोजण्यात माझी चूक होत नाही.

कार्डं बिलाची. दर पाच गावांमागे सरकारनं एक शिकलेली सुईण नेमावी, असं बिल विधानसभेपुढे आहे. अधिवेशन सध्या पुण्यात. बिल मागे पडणार असं ऐकते; सभासदांपैकी कुणाला बाळंतपण नाही. म्हणून चिंचवड, आकुर्डी, काळेवाडीच्या बायकांनी आपल्या आमदाराला कार्ड द्यायचं. मजकूर मी लिहिते, नाव मी लिहिते, अंगठा त्यांचा. एक जिवंत बाई, एक कार्ड.

जादा कार्डावर मजकूर आहे, अक्षर माझंच. नाव नाही. अंगठ्याच्या जागी चिंचोक्याएवढा उभा निळा डाग.

हे म्हणाले, एखादं जास्त लिहिलं असशील. शक्य आहे. मजकुराची कार्डं मी आगाऊ लिहून ठेवते. पण डाग माझा नाही.

मंगळवार, ता. १४

नावेनं काळेवाडीला. ठकूबाईच्या अंगणात बसले. सातवा महिना, तरी कडब्याच्या पेंढ्या रचत होती. नवऱ्याची पहिली बायको बाळंतपणात गेली, म्हणून हिला दुसरेपणावर दिलेली. आकुर्डीच्या बाया तिनंच माझ्याकडे आणल्या. स्वतःचं कार्डही पहिल्याच दिवशी केलं.

आज आणखी दोघींचे अंगठे घ्यायचे होते. मान खाली घालून नाव लिहिण्याऐवजी आज वर बघितलं. त्यातली एक दुसरेपणाची. तिनं गळ्यातला सवतीचा टाक काढला (रुपेरी, नखाएवढा, मेलेल्या पहिलीची मूर्ती), शाईच्या गादीवर दाबला, कार्डावर टेकवला. मग स्वतःचा अंगठा.

मी कार्ड काढून घेतलं. हे काय म्हणून विचारलं. उत्तर ठकूबाईनं दिलं.

"आधी तिचं, मग आपलं. नवं लुगडं बी आधी टाकाला लावतो आमी. अंगठा तर अंगठा."

हा सरकारी कागद आहे, हळदीकुंकू नाही, असं सांगितलं. मेलेल्या बाईला आमदार नसतो, हेही.

"तुमी शिकलेल्या बाया लई मोजता. ज्या कामापायी ती मेली, त्याच कामाचा कागद हाय न्हवं ह्यो? मग तिला इचारायचं न्हाई?"

घरी येऊन गठ्ठा सोडला. अकरा कार्डांवर अंगठ्याशेजारी तसाच डाग. मी शाई सांडली समजत होते. आजची दोन धरून एकूण त्रेचाळीस. आज खूण केलेलं कार्ड बाद केलं, ते बघून दुसरीनंही आपलं कार्ड परत मागून घेतलं. पुन्हा एकेचाळीस.

म्हणजे जादा कार्डावरही टाकच उमटलेला. कुणाचा?

गुरुवार, ता. १६

आमदारांचे चिटणीस गावात आले होते. भेटले. अकरा कार्डं बघून आधी हसले, मग चष्मा पुसला. "बाई, सभागृहात कुणी विचारलं तर साहेब काय सांगणार? मेलेल्या बायकांचा पाठिंबा आहे म्हणून? एका डागापायी सगळा गठ्ठा थट्टेवारी जाईल." बिल शुक्रवारी ता. २४ ला चर्चेला येतंय. स्वच्छ कार्डं गुरुवारपर्यंत पुण्यात पोचवायची.

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मीही तेच म्हणाले असते. अकरा कोरी कार्डं लिहून काढली.

शनिवार, ता. १८

काळेवाडी. अकराही जणी नदीच्या पायऱ्यांवर जमल्या. नुसता अंगठा द्यायला एकही तयार नाही. रागावले. शाळेतल्यासारखं बोलले. एकजण पदराआड हसली, म्हणाली, बाईंना कुठं सवत हाय, त्यांना काय कळणार.

ठकूबाई हसली नाही. माझ्या पिशवीतलं जादा कार्ड तिनं उचललं, उन्हात धरून निरखलं. आमचे टाक सगळे चाकणच्या सोनाराचे, म्हणाली. नुसते दोन डोळे आणि जोडलेले हात. ह्याला डोईवर पदर हाय. शहरातल्या सोनाराचं काम.

बाकीच्या उठून गेल्यावर हळूच म्हणाली, "बाई, तुमचा कुठाय?"

"काय माझा?"

"टाक."

मी काळेवाडीत कुणाला सांगितलेलं नाही. तीस वर्षांत चिंचवडातही नाही. तुला कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर ती माझ्याकडे नाही, माझ्या डाव्या खांद्यामागे बघत होती. भर दुपार. मागे नुसत्या रिकाम्या पायऱ्या.

येताना नावाड्यानं हात पुढे करून दोघींना चढायला सांगितलं. मी एकटीच होते. मग म्हणाला, ऊन डोळ्यावर आलं.

मंगळवार, ता. २१. अविधवा नवमी.

दरवर्षीप्रमाणे सवाष्ण जेवली. स्वयंपाक माझा. कुणाच्या नावानं जेवते ते या घरात बोललं जात नाही. मी ह्यांची दुसरी. लग्नात सासूबाईंनी टाक पुढे केला. मी बी. ए. झालेली. असलं काही घालणार नाही म्हणाले. त्यांनी तो डबीत घातला. पुन्हा विषय नाही.

जेवणं झाल्यावर ह्यांना विचारलं, डबी कुठे आहे.

"तुझ्याच ट्रंकेत. तळाशी. तूच ठेवलीस, आई गेली तेव्हा."

किल्ली माझ्या कमरेला, कायम. डबीला धूळ होती, झाकण घट्ट. टाक आत. डोक्यावर पदर. पदराच्या चुण्यांत निळी शाई. बोट लावलं. ओली.

ह्यांना दाखवला. हात लावला नाही. मग एकदाच बोलले.

"तिला कळा सुरू झालेल्या, आणि पवनेच्या उतारात गाडी रुतली होती. ती सारखी विचारत होती, कुणी बाई आहे का जवळ. नुसती बाई. मी म्हणालो, येतेय, मागून येतेय. कुणी येत नव्हतं."

तीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

अकरा कोरी कार्डं चुलीत घातली. डागांची तशीच जातील.

टाक गळ्यात घातला आहे, ब्लाउजच्या आत. डबीचं झाकण सैल झालंय म्हणून.

गुरुवार, ता. २३. पुणे येथून परत, सायं. ५

स. ६ ला ठकूबाईचा नवरा ओट्यावर. कळा सुरू झाल्या. सातव्यातच. गावची म्हातारी सुईण म्हणते, आडवं आहे. पुण्याला नेतोय, गाडी जुंपली. ठकूबाईचा निरोप: बाईंनी माझ्यापायी थांबू नये, कार्डं न्यावी. आणि विचारलं आहे, बाईंनी घातला का.

घातला म्हणून सांग म्हणाले.

मी बसनं पुढे गेले. पुण्याच्या इस्पितळात वर्दी दिली, एका नर्सबाईला फाटकाशी उभं केलं. मग अधिवेशनाच्या ठिकाणी. चिटणिसांनी डाग बघितले, माझ्याकडे बघितलं. म्हटलं, ज्यांच्यापायी बिल आणलंय त्यांचे आहेत. हसायचं असेल तर साहेबांनी माझ्यासमोर हसावं, मी बाहेर बसते. ते हसले नाहीत.

जादा कार्डावर त्यांच्याच टेबलाशी नाव लिहिलं. यमुना. आडनाव माझंच. तीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलं. हात ठीक चालला.

परत येताना इस्पितळात डोकावले. गाडी पोचलेली नव्हती. नर्सबाई फाटकाशीच. वाटेत बसमधून बघत आले, सगळ्या रस्त्यानं. गाडी दिसली नाही. घरी आले तो निरोप नाही. ठकूबाईच्या घराला कडी.

सुपूर्द केल्याची नोंद:
नुसत्या अंगठ्याची कार्डं, एकोणतीस.
टाक व अंगठा, अकरा. त्यांत ठकूबाईचं.
नुसता टाक, एक. यमुना.
एकूण एकेचाळीस. मी दोनदा मोजून दिली.

चिटणिसांनी माझ्यासमोर मोजली, आत पाठवली, पोच लिहून दिली. पोच बसमध्ये उघडली. तीत लिहिलं आहे: कार्डं बेचाळीस, त्यांत नुसत्या डागाची दोन, मिळाली.