पाच किलोमीटरचं घड्याळ

१ मे, सकाळी ६.००
पुण्याहून मिनलनं ऑटोमॅटिक घड्याळ पाठवलं. सेल नाही, हात हलला तरच चावी भरते. पोरगी दुसऱ्या खेपेची, सातवा महिना लागला, तरी माझ्या अँजिओप्लास्टीचंच घेऊन बसली. म्हणे, बाबा, रोज पाच किलोमीटर चाला. सोळाले येते, घड्याळ बंद दिसलं तर तुम्हाले पुण्याले नेते. पुण्यात मी मरीन. उद्यापासून चालणं. पक्कं.

३ मे, दुपारी १२.१०
पारा ४५. चालणं म्हणजे आत्महत्या. घड्याळ सकाळीच बंद पडलं. पीस डिफेक्टिव्ह.

५ मे, सायंकाळी ५.२०
सोफ्यावर बसून पाचशे वेळा हात हलवला. खांदा गेला. कौसल्या म्हणाली, एवढ्यात तुम्ही चौकातून दूध घेऊन आले असते. बायकोले टेक्निकल समजत नाही.

७ मे, सकाळी ९.४५
आयडिया! कूलर दिवसभर थरथरते. घड्याळ त्याच्या मोटरले बांधलं. सुटलो बा.

८ मे, बहुतेक ११
घड्याळ धावून राहिलं. तासाले पाच मिनिटं पुढं. ऑटोनं सीताबर्डीच्या बाजारात घड्याळाच्या दुकानात नेलं. कारागिरानं विचारलं, काका, मोटरजवळ ठेवलं होतं का, चुंबक भरलं यात. मी म्हटलं, छे. त्यानं दुरुस्त करून दिलं अन् म्हणाला, हे हातात घालायचं असते.

११ मे, सकाळी ७.००
पाच दिवस राहिले. कौसल्याच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. घड्याळ तिच्या हातात. कणीक, झाडू, कूलरचं पाणी, बाई बसतच नाही. फक्त धुण्याच्या वेळी काढ म्हटलं.

१४ मे, सकाळी ८.००
तीन दिवस बंद नाही. रोज पाच किलोमीटर नक्की होत असतीन. मलेही हलकं वाटून राहिलं.

१६ मे, सायंकाळी ६.३०
मिनल आली. स्वयंपाकघरातच कौसल्याच्या हातातलं घड्याळ काढून माझ्या हातात घातलं. मिनलनं माझा हात धरून पाहिलं, डोळे भरून आले तिचे. जिंकलो. मग म्हणाली, बाबा ठणठणीत आहेत, आता बाळंतपणाले आईले बिनधास्त नेते, सहा महिने. खरं सांगावं म्हणून तोंड उघडलं. कौसल्या माझ्याकडे पाहून राहिली होती. बंद केलं.

२० मे, वेळ माहीत नाही
त्या दोघी परवा गेल्या. घड्याळ बंद. कौसल्याले फोन केला, विचारलं, किती वाजले वं. मोबाइलवर दिसते मले, पण फोन करायले निमित्त पाहिजे होतं. ती म्हणाली, बंद पडलं न? मी हात झटकून पाहिला. मग म्हणाली, चपला घाला, फोन ठेवू नका, मी इथं चालते, तुम्ही तिथं चाला.
घराच्या फाटकापर्यंत गेलो. दम लागला. तिले सांगतलं, चौकात पोचलो.