आईंच्या हातून फाटलेला बनियन

वाफेने पाठ भाजलेल्या नवऱ्याला, निकेतला, रिक्षात बसवून अमिषा घरात परतली. अबोला धरलेली सासू सकाळीच शेतावर गेली होती. अमिषाने तिच्यासाठी चिठ्ठी लिहिली:

आई,

काल पिळताना तुमच्या हातून ह्यांचा बनियन फाटला तेव्हा ‘ह्यांच्या कपड्यांना हात लावू नका’ म्हणून मी तुमच्यावर ओरडले. चुकलं माझं. बांबूच्या धाग्याचं कापड मऊ असतं, घाम टिपतं, पण ओलं झालं की कमजोर होतं. मी पिळला असता तरी फाटलाच असता. जखम चिघळलीय, म्हणून माझं डोकं फिरलं होतं. ह्यांना मुंबईला दवाखान्यात दाखवायला नेतेय. बहुतेक ठेवून घेतील.

बाहेरून निकेतने विचारलं, “आय येत न्हाय का?”

तिने पुढे लिहिलं: मांडव्याहून दुपारची बोट पकडा. हे तुम्हालाच विचारतायत.