सापडल्या सापडल्या पूस

४ फेब्रुवारी
चिंचपोकळीच्या गाळ्यात नवी नोकरी. निघताना आईनं हातावर दही-साखर ठेवली, वरळीहून बस धरली, वेळेत पोचले. सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांसाठी सर्किट बोर्ड बनवतात इथं. मालक शरच्चंद्र शेठ. शेजारच्या टेबलावर विनीत, लालबागचा, सोल्डरिंगला एकदम साफ हात. दुपारी त्याची बायको प्रितीवहिनी स्वतः डबा घेऊन आल्या आणि बांगड्याचं तिखलं मलाही वाढलं. मजा येणार इथं.

७ फेब्रुवारी
डोकं फिरलंय. नव्या बोर्डावरची चिप डीबगरला दिसतच नाही. डीबगर म्हणजे चिपशी बोलणारं यंत्र. ते बोललं तरच आपला प्रोग्राम आत जातो. सप्लाय तपासला, रिसेट तपासला, सोल्डरचे टाके परत मारले. स्क्रीनवर तेच, 'चिप नाही'. शेठनं कंजुषी करून बोर्डावर कनेक्टरच ठेवला नाही, म्हणून बिचारा विनीत डीबगरच्या वायरी बोटांनी दाबून बसतो. चिपसुद्धा भंगारातली, वरचं नाव घासलेलं. विचारलं तर शेठ म्हणाले, चिप ती चिप.

८ फेब्रुवारी
वैतागून डीबगर ऑटोवर टाकला. ऑटो म्हणजे, चिप सापडल्या सापडल्या पूर्ण पूस. दुपारी सापडली, पुसली. मी टाळी वाजवली. विनीत नुसता बघत बसला. वाकून पाहिलं तर वायरी बोर्डाला लागल्याच नव्हत्या. त्याच्या बोटांत होत्या.
मग वहिनी डबा घेऊन आल्या. त्यानं त्यांना विचारलं, कोण हवंय.

९ फेब्रुवारी
विनीत आला नाही, वहिनी आल्या. म्हणाल्या, घरात पाहुण्यासारखा बसलाय, पोरगी जवळ गेली की सरकतो. शेठ म्हणतो, प्यायला असेल. लाज कशी वाटत नाही ह्या माणसाला? वर विचारतो, बोर्ड कधी होणार.
पुसायच्या आधी कॉपी काढतात. मी काढली नाही. रागात होते. विनीतला परत भरायला आता माझ्याकडे काही नाही.

११ फेब्रुवारी
शेठला म्हटलं, धरा वायरी, दाखवते काय झालं ते. धरल्या. 'चिप नाही'. आत काही असेल तर सापडेल ना. हसायला लागला. म्हणाला, विनीतची नाटकं आणि तुझी पण. टाळकं सटकलं माझं, हिसकावल्या वायरी त्याच्या हातातून—
सापडली.
ऑटो बंद करायचा राहिला—
वायरी डाव्या हातात, हात उघडत नाहीये. उजव्यानं लिहितेय. वरळी. आई. आईचं नाव—

१२
टेबलावर ही वही होती. पहिल्या पानावर कुणाच्या तरी आईनं दही-साखर दिल्याचं लिहिलंय. खाली लिहून पाहिलं, अक्षर तेच.
खूप राग आलाय. कोणावर, माहीत नाही.
दारात एक बाई उभी आहे. रडतेय. मी विचारलं, कोण हवंय. ती म्हणते, मी तुझी—