लगेच उठते म्हणून

ठाणे, १ ऑक्टोबर २०२५

चि. ऐश्वर्यास अनेक आशीर्वाद.

मी, साईनाथ दळवी, रक्तपेढीचा व्यवस्थापक, हे पत्र मामा या नात्याने नव्हे, तर तू बसवून दिलेल्या दोन सर्व्हरांचा राखणदार म्हणून लिहीत आहे. आज खंडेनवमी. पूजेसाठी पहिला सर्व्हर बंद करून त्याला झेंडूचा हार घातला. ठरल्याप्रमाणे काम आपोआप दुसऱ्यावर गेले; खिडकीवर कुणाला कळलेही नाही. पूजेनंतर मात्र पहिला सुरूच होईना. आमच्या कचेरीतल्या भावेशचे म्हणणे, दुसरा आहे ना, मग टेन्शन कशाला? मला चैन नाही. दुसराही पडला, तर कोणत्या गटाचे रक्त कुठे ठेवले आहे, हे कोण सांगणार? भावेश डोंबिवलीचाच, उत्तर त्याच्या हाती दे. तुझ्या आईची, शीलाची, प्रकृती कशी आहे?

तुझा मामा,
साईनाथ

डोंबिवली, ३ ऑक्टोबर

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

घरूनच तपासलं. दोष हाराचा नाही, मनाला लावून घेऊ नका. पहिला सर्व्हर महिनाभर अधूनमधून पडत होता. पडला की स्वतःच पुन्हा उठायचा. नाही उठला तर दुसरा काम उचलायचा. इशारा यायचा, पण पाठोपाठ पुन्हा सुरू झाल्याचा निरोपही यायचा, म्हणून भावेशदादा दोन्ही पुसून टाकायचे. उद्या नवा पॉवर सप्लाय घेऊन येते. तोवर दुसऱ्याला हात लावू नका, हळदकुंकूसुद्धा लांबूनच.

आई बरी आहे. हल्ली ओट्याशी चक्कर येते, पण खाली बसते आणि लगेच उठते. डब्यांच्या पोळ्या मी लाटते, त्यामुळे काही अडत नाही. तुम्हाला कळवायचं नाही असं तिने बजावलंय, तेव्हा हे तुम्ही वाचलेलं नाही. माया आहेच, ती असू द्या.

तुमची,
ऐश्वर्या

चि. सौ. शीलास अ. उ. आ.

ऐश्वर्या आत्ताच पहिला सर्व्हर उभा करून गेली. तिच्यावर रागावू नकोस. तू पडतेस आणि उठतेस. नाही उठलीस तर पोळ्या ती लाटते. डबे वेळेवर जातात, घरात कुणाला काही जाणवत नाही. माझ्या कचेरीतही महिनाभर नेमके असेच सुरळीत चालले होते.

सोमवारी सकाळी येत आहे. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुला काहीही झालेले नाही, हे तू दारातच सांगशील. ते मी ऐकून घेईन, पण रिक्षा खाली थांबलेली असेल. त्या दिवशी पोळ्या बाहेरून येतील. त्या वाईटच असणार, आणि त्यांना नावे ठेवायला मला तू धडधाकट हवी आहेस.

थोरल्या भावाचा हा लोभ, या वेळी हुकूम समजून पाळावा.

साईनाथ दळवी
ठाणे, ४ ऑक्टोबर २०२५