सरोजकाकूंचं ताट

प्रिय पप्पा,

‘प्रिय’ लिहिलं ते सवयीनं. आज तुमच्याबद्दल मनात फारसं प्रेम नाही.

उद्या नाताळ, तुम्ही गेल्यानंतरचा पहिला. पास्टर म्हणाले, उपासनेत पप्पांच्या शेजारधर्मावर दोन शब्द बोल, असा माणूस आपल्या मंडळीत दुसरा नव्हता. दुपारपासून कागद घेऊन बसलेय. चार ओळी लिहिल्या आणि फाडल्या. माणसानं खोटं बोलायचं तरी किती? म्हणून मंडळीसाठी नाही, तुम्हालाच लिहितेय.

सिंदी मेघेला राहायला आलो तेव्हापासून सरोजकाकू आपल्या शेजारी. दर दिवाळीला स्वतः फराळाचं ताट घेऊन यायच्या. चकल्या, करंज्या, अनारसे, वर धुतलेला रुमाल. तुम्ही दारात हसून म्हणायचे, “कायले येवढी तकलीफ, वहिनी?” आणि त्यांची पाठ वळली की मला, “मूर्तीपुढचं हाये ते. गाईले टाकून ये.” मी टाकून यायची.

एकदा आईनं त्यातला एक अनारसा तोंडात टाकला. तीन दिवस तुम्ही तिच्याशी बोलला नाहीत. तिनं मला नंतर हळूच सांगितलं, “मस्त झालता वं.” बिचारीनं पुन्हा कधी हात लावला नाही.

आणि नाताळात? केकचं ताट घेऊन तुम्ही काकूंकडे जायचे आणि त्यांनी समोर तुकडा खाईपर्यंत हलायचे नाहीत. त्या खायच्या, कौतुक करायच्या. पुढच्या रविवारी मंडळीपुढं उभं राहून तुमची साक्ष ठरलेली, शेजाऱ्यावर प्रेम कसं करावं. लाज कशी वाटली नाही हो तुम्हाला?

दर नाताळला येशूच्या जन्माचे अध्याय तुम्हीच वाचायचे. पूर्वेकडून मागी लोक, ते तारा पाहून निघालेले ज्ञानी, आले, परक्या देशाचे, परक्या धर्माचे. त्यांनी आणलेला ऊद आधी कोणत्या देवापुढं जाळला होता, असं मरीयेनं विचारलं का? तो गोठा कोणाचा, मालक कोणाला भजतो, ही चौकशी योसेफानं केली का? देव माणसाच्या दारी आला आणि मिळेल ते त्यानं घेतलं. नाताळ म्हणजे आणखी काय असतं, पप्पा? इतकी वर्षं वाचून तुम्हाला तेवढंच कळलं नाही.

या दिवाळीला काकू आल्या. ताट माझ्या हातात देत म्हणाल्या, “घे माय. देवाले दाखवायच्या आंधीच काढून ठेवलं. तुह्या पप्पाले चालत नव्हतं न, पयल्या सालापासून मी तसंच करतो.”

पहिल्या वर्षी त्यांच्या सत्यनारायणाचा प्रसाद तुम्ही हात जोडून परत केला होता. तेवढ्यावरून त्या समजल्या आणि मनात ठेवलं. सव्वीस वर्षं त्यांनी आपलं ताट नैवेद्याच्या आधी वेगळं काढलं. त्यात मूर्तीपुढचं काहीच नव्हतं. तुम्ही एकदा विचारायचं होतं. आणि असतं तरी काय आभाळ कोसळणार होतं?

शेवटच्या आजारात त्याच काकूंच्या हातची मुगाची पातळ खिचडी तुम्ही रोज खाल्ली. तेव्हा धर्म आडवा आला नाही.

मीही काही कमी नाही. चाळिशी उलटली, शाळेत पोरांना माणुसकीचे धडे देते. मागच्या दिवाळीला तुम्ही अंथरुणावर होते, पाहतसुद्धा नव्हते, तरी मी ताट नेऊन टाकलंच. याचा राग तुमच्यावर काढू की स्वतःवर, कळत नाही.

यंदा मी काकूंसमोर चकली खाल्ली. “आवडली का वं?” त्यांनी विचारलं, आणि आजवरच्या ताटांचं खरं मला सांगता आलं नाही. भीती वाटली. आई नाही, तुम्ही नाही. काकूंनीही दार लावलं तर हाक मारायला मला कोण उरतं?

पण आता सांगणार. उद्या मंडळीत बोलणार नाही, पास्टरांना कळवून टाकलंय. उपासना झाली की रिकाम्या हातानं काकूंकडे जाईन. ताटं कुठं जायची, कोणाच्या सांगण्यावरून, कोण टाकायचं, सगळं सांगेन. हाकललं तर निमूट परत येईन. जेवायला बसवलं तर पुढं येईल ते खाईन. हे माझं तुम्हाला वचन.

काकू तुम्हाला माफ करतील, त्यांचा स्वभावच तसा आहे. मी अजून केलेलं नाही.

तुमचीच मुलगी,
सुषमा