माझ्या ताटातली गव्हाची पोळी

माय, तुझ्याशी भांडायचं राहूनच गेलं. आज बसले आहे भांडायला, तर सुरुवात कुठून करावी तेच सुचत नाही.

महाराष्ट्र झाला त्या सालची गोष्ट. माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं आणि माझी पाळी महिनोन्महिने येत नव्हती. अंग सुटत चाललेलं, हनुवटीवर केस यायला लागलेले. पिंपळगावात बाईचं बाहेर बसणं लपत नाही आणि न बसणंही लपत नाही. म्हणून तू मला दर महिन्याला खोटंच बाजूला बसवायचीस. ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाट, वेगळा तांब्या. शेजारीण आली की मुद्दाम मोठ्यानं म्हणायचीस, "शिवू नको वं तिले." मी मान खाली घालून बसायची. देवाला फसवतोय आपण, असं मी एकदा म्हटलं, तर तू म्हणालीस, "ते पाप माह्या माथी. तू गप बस."

आणि खायला काय द्यायचीस! घरात सगळ्यांना ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, मुगाचं वरण. गहू पाहुण्यांसाठी नाहीतर दुखणेकऱ्यासाठी. माझ्या ताटात मात्र रोज गव्हाची पोळी, तुपात भिजलेली, वर गूळ. शिवाय तिळागुळाचे लाडू. उष्ण पडेल, पाळी मोकळी होईल, हे तुझं गणित. भाऊ माझ्या ताटाकडे बघत भाकर मोडायचे. मलाही भाकर दे म्हटलं, तर ताट पुढे सरकवलंस. "खाय मुकाट्यानं. भाकरीनं कोनाचं भलं झालं?" अख्खा गाव भाकरीवरच जगत होता, माय.

लग्न झालं, मेहकरकडे गेले. तिथंही तू शिकवलेलं नाटक करत राहिले. पण दोरीवर चिंध्या वाळताना दिसेनात तेव्हा सासूनं ओळखलं. दिराबरोबर मला बसमध्ये बसवून दिलं. मी दारात उभी, आणि तू चुलीवर कढई ठेवलीस. त्या शिऱ्याचा वास आठवला की आजही संताप येतो. नवऱ्यानं दुसरी केली. तू लाडू वळत राहिलीस, मी फुगत राहिले, आणि एका हिवाळ्यात तूच गेलीस.

आता भावाच्या पोरीला तेच निघालं. खामगावच्या डॉक्टरीणबाईकडे मीच घेऊन गेले. बाई म्हणाल्या, हे अंगातच असतं, कुणी आणत नाही. पण गोड कमी करा, ज्वारीची भाकर, पालेभाज्या, डाळ-उसळ खा, वेळेवर जेवा, रोज चाला. वजन थोडं उतरलं तरी पाळी सुधारू शकते. मी ऐकतच राहिले. आपल्याच घरातलं ताट औषध म्हणून सांगत होत्या. माझं सोडून सगळ्यांचं. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं गं. काही महिन्यांनी पोरीची पाळी आली. ती हसत सांगायला आली, मीही हसले, आणि मग गोठ्यात जाऊन रडले. माझं सगळं होऊन गेलं, माय. आता काही यायचं नाही. मीही भाकरच खाते, पण ती साखरेच्या दुखण्यापायी.

हा कागद चुलीतच जाणार, म्हणून एवढं लिहिते. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं, तुम्हालाही हेच असणार, तेव्हा खाण्यात काय असायचं? पोर शेजारीच बसली होती. तुझं नाव जिभेवर आलं होतं. पण मी म्हटलं, "माय बिचारी भाकरच वाढे. मीच चोरून गोड खात होती."

तेव्हापासून पोरगी मला गुळाच्या डब्याजवळ फिरकू देत नाही. असू दे. तेवढं माह्या माथी.